भाड्याचं कुत्रं, खरं रडू

पत्र थोडक्यात: लिहिणारी ४४ वर्षांची आहे, इंदूरच्या एका जुन्या मराठी वस्तीत राहते, लग्न केलेलं नाही. आई सहा वर्षं अंथरुणाला खिळून होती, तिचं सगळं हिनेच केलं, त्यासाठी कोचिंग क्लासमधली रिसेप्शनची नोकरी सोडली. आई जाऊन दोन वर्षं झाली. नंतर शेजारच्यांचं कुत्रं चार दिवस सांभाळलं, एकाने दुसऱ्याला सांगितलं, आणि आता बाहेरगावी जाणारे लोक आपली कुत्री-मांजरं हिच्याकडे सोडून जातात. दिवाळीनंतर एक वयस्कर जोडपं लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला गेलं आणि त्यांचा अकरा वर्षांचा लॅब्राडॉर, ब्रुनो, साडेपाच महिने हिच्याकडे राहिला. गेल्या रविवारी ते त्याला घेऊन गेले. गाडीत बसताना त्याने मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. ही चार दिवस रडतेय. भाऊ फोनवर म्हणाला, "भाड्याच्या कुत्र्यासाठी कोणी एवढं रडतं का?" हिला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हे काम सोडून द्यावं का, ब्रुनोला त्यांच्याकडे मागून घ्यावं का (दोघं सत्तरीचे, त्याला उचलून गाडीत ठेवणं त्यांना जमत नाही), आणि भाऊ म्हणतो तसं आपण माणसांपासून पळतोय का?

अगं, आधी एक सांगून टाकते, मला कुत्र्यांची भीती वाटते. लहानपणी टिळक नगरात एक मागे लागलं होतं, दुधाची किटली तिथेच टाकून पळाले, घरी मार पडला तो वेगळाच, तेव्हापासून लांबून कुत्रं दिसलं की मी रस्ता बदलते. म्हणजे तुझं पत्र चुकीच्या बाईकडे आलंय म्हण हवं तर. पण मी ते तीनदा वाचलं, आणि तिसऱ्यांदा वाचताना ब्रुनो बाजूला राहिला आणि दुसरंच काहीतरी दिसलं, ते पुढे सांगते. (अगं-तुगं करतेय, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची आहेस, राग मानू नकोस.)

आधी भावाचं ते वाक्य, कारण सगळ्यात जास्त तेच टोचलंय तुला, पत्रात तीन ठिकाणी आलंय. भाड्याचं कुत्रं. मुळात हिशोबच उलटा आहे. घर तुझं, पैसे त्यांनी दिले, म्हणजे ब्रुनो तुझा भाडेकरू होता. आणि साडेपाच महिने राहिलेला भाडेकरू सामान बांधून निघाला तर आपल्याकडे बायका डोळे पुसतात, प्रवासात खायला म्हणून धपाटे बांधून देतात, त्यात कोणाला काही विचित्र वाटत नाही.

पण भाऊ एकटाच असं बोलतो असं नाही. रडायचं तर आपल्या माणसासाठी, आणि आपलं म्हणजे रक्ताचं नाहीतर कागदावरचं, हे आपल्या सगळ्यांच्याच डोक्यात असतं, तुझ्याही आहे, नाहीतर तू मला "मला वेड लागलंय का" असं विचारलंच नसतंस. आता बघ, नामदेवाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, कुत्र्याने पोळी पळवली तर हा तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावला, कोरडी खाऊ नको रे म्हणून. ते कुत्रं नामदेवाचं होतं का? इतक्या वर्षांत हा प्रश्न कोणी विचारलेला मी तरी ऐकला नाही.

आता ते मागे वळून न बघणं. यावर मी आमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलीला विचारलं, तिच्याकडे लॅब आहे (मी जिन्यातूनच विचारलं, दार बंद ठेवून). ती हसली, म्हणाली मावशी, गाडीचं दार उघडं दिसलं की आमचा मलासुद्धा ओळखत नाही. हे झालं गमतीचं. पण डार्विनचा किस्सा मला फार आवडतो. तो बीगल जहाजावरून जग फिरून १८३६ मध्ये घरी आला, त्याचा एक कुत्रा होता, परक्या माणसावर धावून जाणारा, त्याची आठवण किती टिकते ते बघायचं म्हणून हा मुद्दाम तबेल्याजवळ गेला आणि पूर्वीसारखी हाक मारली. पाच वर्षं दोन दिवसांनी. कुत्र्याने काय केलं असेल? नाचला नाही, अंगावर उड्या नाहीत, आनंद म्हणून काही दाखवलाच नाही, नुसता उठला आणि त्याच्यामागे फिरायला निघाला, जणू अर्ध्या तासापूर्वीच भेटले होते. डार्विनने स्वतःच हे लिहून ठेवलंय. म्हणजे आपण ज्याला आठवण समजतो, गळ्यात पडणं, मागे वळून बघणं, ते सगळं माणसांचं आहे, सिनेमातलं आहे, कुत्र्यांचं खातं वेगळं असतं.

आणि दुसरं. सुट्टीत महिनाभर मावशीकडे राहिलेलं पोर आई दिसताच धावत जाऊन तिच्या कमरेला मिठी मारतं, तेव्हा मावशीने त्याला वाईट वागवलं असं कोणी म्हणतं का? उलट जे पोर मुकं होऊन आलंय त्याचीच काळजी वाटते. ब्रुनो जसा आला तसाच, आपल्या माणसांवरचा भरवसा शाबूत ठेवून परत गेला, अकरा वर्षांच्या कुत्र्याला साडेपाच महिने परक्या घरात ठेवून हे जमवणं सोपं नसतं गं. हे तू केलंस.

"खायला मिळतं म्हणून चिकटतात" हेही भाऊ म्हणाला ना. जपानमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं होतं की कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांच्या डोळ्यांत बघत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं, आई आणि तान्ह्या बाळाच्या मायेशी ज्याचं नातं आहे तेच, आणि माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांमध्ये मात्र हे दिसलं नाही. आता ते कुत्रे आणि त्यांचे मालक होते, सांभाळणारी बाई नव्हे, तेव्हा मी फार ताणत नाही. पण रंगपंचमीचं तू जे लिहिलंयस, सगळी कॉलनी राजवाड्यावर गेर, म्हणजे रंग उडवत निघणारी मिरवणूक, बघायला गेलेली, डीजेच्या आवाजाने हा थरथर कापतोय, म्हणून तू त्याला घेऊन बाथरूममध्ये बसलीस, नळ बारीक सोडून, त्याचं डोकं मांडीवर, दोन तास, आणि तुझा पाय सुन्न झाला तरी हलली नाहीस. तिथे खायला काय होतं?

आता ते दुसरं, जे मला तिसऱ्या वेळी दिसलं.

ब्रुनोचा दिवस तू असा लिहिलायस: पहाटे साडेपाचला उठवायचं, मागचे पाय कोमट तेलाने चोळायचे, आठला सांधेदुखीची गोळी पनीरच्या तुकड्यात दाबून, रात्री तीनला एकदा उठून बाहेर न्यायचं. आणि पत्राच्या आधीच्या पानावर, दुसऱ्याच संदर्भात, आईचं आलंय, पहाटे साडेपाचला पाय चोळून द्यायचे, आठला गोळी केळ्यात दाबून, रात्री तीनला एकदा कूस बदलायची. तेच हात, त्याच वेळा. तू हे मुद्दाम लिहिलं नाहीस, म्हणूनच मी दचकले. आईच्या तेराव्याला किती पानं उठली, भाऊ कोणत्या गाडीने आला, श्रीखंड कुठून आणलं, सगळं आहे पत्रात, रडण्याचं कुठेच नाही. ते तेरा दिवस घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांचा चहा कोण करत होतं? तूच ना?

मी चुकत असेन. चार पानी पत्रावरून कोणाच्या पोटातलं ओळखणारी मी कोण. पण मला वाटतं सोमवारी पहाटे साडेपाचला तुझे डोळे उघडले आणि उठायला काही कारणच नव्हतं, तेव्हा तू एकट्या ब्रुनोसाठी रडली नाहीस. आणि तसं असेल तर ते रडू थांबवायचं नाही, उशिरा आलंय, येऊ दे. भावाला सांगायची गरज नाही. त्याला सांगायचंच असेल तर आईबद्दल सांग, ब्रुनोबद्दल नको, कदाचित त्याचंही कुठेतरी अडकलं असेल.

म्हणून काम सोडायचं की नाही हे आत्ता ठरवू नकोस. पंधरा दिवस नवीन बुकिंग घेऊ नकोस, पण पहाटेचं फिरणं चालू ठेव, तू एकटीच जा. बागेत ते काका-काकू तुला "ब्रुनोवाली दीदी" म्हणतात ना, ते विचारतील आज एकटीच, तर सांग त्याच्या घरी गेला. हे मोठ्याने सांगायची सवय या धंद्यात लागते, कारण इथे प्रत्येक पाहुणा जाणारच असतो. जी बाई पुढेही हे काम करणार आहे तिने दोन मुक्कामांच्या मध्ये दोन-तीन रिकामे दिवस ठेवायलाच हवेत, चादरी धुवायला, घर पुसायला, आणि यालाही. एक गेला की संध्याकाळी दुसरा आणला तर पहिल्याचं काहीच होत नाही, नुसतं साठत जातं.

ब्रुनोला मागू नकोस. मला माहितीय तुझी इच्छा चांगली आहे, पण त्यांच्या बाजूने ऐक, साडेपाच महिन्यांनी घरी आलेत, जेट लॅग उतरला नाही, नातवंडाला तिकडे सोडून आलेत म्हणजे तेही रडवेलेच असणार, आणि पहिल्याच आठवड्यात कोणीतरी म्हणतंय की तुम्हाला आता हा जमत नाही, मला द्या. खरं असलं तरी तोडून टाकणारं आहे. आणि तो त्यांचा अकरा वर्षांचा आहे, तुझा साडेपाच महिन्यांचा.

पण मागणं आणि गप्प बसणं याच्यामध्ये एक जागा आहे. पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे, आठवतंय? सोमवार जोशांकडे, मंगळवार कुणाकडे. माझे आजोबा असेच शिकले. तर ब्रुनोला तुझ्याकडे वार लावून घे. पंधरा दिवस जाऊ दे, त्याची त्याला घडी बसू दे, मग काकूंना फोन कर आणि सांग, बुधवार आणि शनिवार याला माझ्याकडे सोडा, किंवा मीच येऊन पाय चोळून, फिरवून जाते, तुम्हाला तेवढाच आराम. त्यांना खरंच उचलायला जमत नसेल तर त्या हो म्हणतील, आणि पुढे एक दिवस त्यांनाच वाटलं की आता हिच्याकडेच राहू दे, तर ते त्यांच्या तोंडून आलेलं असेल. लॅब्राडॉर साधारण दहा-बारा वर्षं जगतात. ते तुलाही माहितीय, मी लिहिणार नव्हते, पण लपवून काय करू. म्हणूनच फोन फार लांबवू नकोस.

आता मला जरा राग आलाय ते. साडेपाच महिने, दिवसाला दीडशे रुपये, त्यातच त्याचं पनीर, चिकन, तेल, आणि डॉक्टरकडच्या दोन खेपांचे रिक्षाचे पैसेही तुझेच? "मलाच त्याची सोबत होती, पैसे कशाचे मागायचे" म्हणे. बालवाडीच्या बाई पगार घेतात म्हणून त्यांची माया खोटी होते का? माझी आत्या शिकायला आलेल्या मुलांना डबे द्यायची, एक तारखेला पैसे मोजून घ्यायची, आणि परीक्षेच्या दिवशी डब्यात दही-साखर वेगळी ठेवायची, तिचे पैसे नाहीत. सोबतीचे घेऊच नकोस, कामाचे घे. रात्री तीनला उठणं काम आहे, तीस-पस्तीस किलोचं कुत्रं जिन्यावरून धरून उतरवणं काम आहे, फरशी चारदा पुसणं काम आहे. म्हाताऱ्या, औषधावरच्या जनावराचा दर वेगळा ठेव, महिन्यापेक्षा लांबचा मुक्काम असेल तर अर्धे आधी, खाणं आणि डॉक्टर मालकाचा. पहिल्यांदा सांगताना जीभ अडखळेल, म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठव.

आणि एक कागद करत जा. तुझ्यासारख्या खूप बायका, रिटायर झालेली माणसं, कॉलेजची मुलं आता हे करतात, त्यांनाही सांगते. त्या कागदावर डॉक्टरचा नंबर, औषधं, लसींच्या तारखा हे तर हवंच, पण दोन अवघड ओळी पण हव्यात. मालकाचा फोन लागला नाही तर किती रुपयांपर्यंतचा इलाज तू करून घेऊ शकतेस. आणि तो गेला तर काय करायचं. तिकडे रात्र असेल, इकडे दुपार, तुझ्या समोर म्हातारं जनावर श्वास टाकतंय आणि तुला कोणाला विचारावं कळत नाही, ही वेळ येऊ शकते. अकरा वर्षांचं कुत्रं घेताना हे विचारलं तर अशुभ नाही.

स्वतःचं पण बघ. जनावरांत काम करणाऱ्यांनी रेबीजची लस चावायच्या आधीच घेऊन ठेवायची असते, डॉक्टरांना विचार. आणि कधी दात किंवा नख लागलंच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून, हळद-चुना काही लावायचं नाही, आणि आधी लस घेतलेली असली तरी त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. खाण्यातलं तुला ठाऊक असेल, पण आपल्या घरात नेमकं काय आडवं येतं ते सांगते: सकाळच्या पोह्यांवरचा कच्चा कांदा आणि सत्यनारायणाच्या शिऱ्यातले बेदाणे. कांद्याने कुत्र्या-मांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, बेदाण्यांनी कुत्र्याची किडनी जाऊ शकते, आणि प्रसादाला नाही म्हणवत नाही म्हणून शेजारणी भरवतात. चॉकलेट तर नकोच. आपली दुखण्याची गोळी तर त्यांना अजिबात नाही, मांजराचा जीव पॅरासिटामॉलच्या एका गोळीने जाऊ शकतो. शंका आली की डॉक्टरला फोन, महूला १९५५ पासून व्हेटर्नरी कॉलेज आहे, आपल्याकडे जनावरांच्या डॉक्टरांचा काही दुष्काळ नाही.

राहिलं माणसांपासून पळणं. थोडीशी पळतेयस, खोटं कशाला बोलू. भिशी सोडलीस, हळदीकुंकू टाळतेस, आईला घेऊन साहित्य सभेच्या कार्यक्रमांना जायचीस ते बंदच. पण नीट बघ, पळतेयस ती माणसांपासून का त्यांच्या प्रश्नांपासून? आता पुढे काय, एकटी कशी राहतेस, घर कोणाच्या नावावर आहे. ब्रुनोने साडेपाच महिन्यांत यातलं काहीही विचारलं नाही, आणि असा कोणी घरात असणं हे सुखच आहे गं, मी तर म्हणते ज्यांच्या घरी माणसं आहेत त्यांनाही हे सुख मिळत नाही. तेव्हा पुन्हा भिशीला जा असं मी सांगणार नाही. एवढंच विचारते, तुझ्या घराची दुसरी किल्ली कोणाकडे आहे? घरात दोन कुत्री आहेत आणि तुला एकशे तीन ताप आला तर त्यांना पाणी कोण देणार, तुला कोण देणार? असं एक माणूस जोडीला घे, धंद्याची गरज म्हणूनच घे. ते बागेत भेटणारं कॉलेजमधलं पोरगं, ज्याच्याबद्दल "ब्रुनोला फार आवडायचा" असं लिहिलंयस, त्याला विचार. बुधवारी ब्रुनो आला की त्यालाही बोलाव, पोहे कर (ब्रुनोला लांब बसव).

स्वतःचं पिल्लू आणू का, असं शेवटी कंसात विचारलंयस. आत्ता नको. पिल्लू म्हणजे बारा-पंधरा वर्षांची गोष्ट, ती रडत असताना ठरवू नये, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांशी त्याचं पटेल का हाही प्रश्न आहे. आणि खरं सांगू, तुझ्याकडे एक आहेच. पत्राच्या तळाशी दीड ओळीत आलीय, "गच्चीवर एक पांढरी मांजर येते, दूध ठेवते, पण ती काही माझी नाही." तीन वर्षं येतेय म्हणतेस. तिला दुधाऐवजी मांजरांचं खाणं दे, खूप मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, आणि जमलं तर तिचं ऑपरेशन करून आण, म्हणजे पावसाळ्यात पाच पिल्लं घेऊन यायची नाही. नाव ठेवलंयस का तिचं? पत्रात नाहीये.

आणि दाराच्या मागे खुंटीला ब्रुनोचा टॉवेल राहिलाय ना, तो परत द्यायच्या निमित्तानेच जा पंधरा दिवसांनी. धुवून नको नेऊस.